साखरेचीं फुलें आणि चालणारीं पावलें



महोत्सवाच्या या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा इतिहास, आजवरच्या धर्मगुरूंची नामावळी, शाळेचा व निरनिराळ्या संघांचा वृत्तांत हें सर्व अन्यत्र यथास्थित आलेलें आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून निराळा आहे. या महोत्सवी वर्षांत आपल्या महिला मंडळानें सभागृहांत केक सजविण्याचा वर्ग चालविला, आणि त्याच भगिनींनीं पुढाकार घेऊन कर्करोगग्रस्तांच्या साहाय्यार्थ पदयात्रा काढली. तें पाहून कित्येकांनीं विचारलें, कीं एक काम हौसेचें, दुसरें दुःखाचें. या दोहोंचा एकमेकांशीं संबंध काय? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें. केकाच्या सजावटीचा इतिहास आणि कर्करोगाविरुद्ध निघालेल्या पदयात्रांचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून वाचला, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसूं लागते. जी विद्या मूठभर जाणत्यांच्या हातीं होती, आणि जें दुःख चार भिंतींच्या आड कोंडलेलें होतें, तीं दोन्हीं जेव्हां साध्या माणसांच्या हातीं आलीं, तेव्हांच त्यांतून लोकांचें खरें हित झालें. एवढेंच या लेखांत दाखवावयाचें आहे.

आरंभ साखरेपासून करूं. ज्या पदार्थानें केक मढविला जातो, त्याचें नांव आपल्याच देशांतून जगभर गेलें आहे. संस्कृत ‘शर्करा’ या शब्दापासून फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, पोर्तुगीज ‘असूकार’ आणि इंग्रजी ‘शुगर’ हे शब्द परंपरेनें आले. आणि आपल्या ‘खंड’ या शब्दाचा वंशज म्हणजे इंग्रजीतील ‘कँडी’. उंसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडण्याची युक्ति प्रथम हिंदुस्थानांत सिद्ध झाली. तेथून ती इराणांत व पुढें अरबांबरोबर भूमध्य समुद्राच्या कांठीं पोंचली. मध्ययुगीन युरोपांत साखर ही औषधें विकणाऱ्यांच्या दुकानांत मिळे, आणि ती इतकी महाग असे कीं, सामान्य मनुष्यास तिचें दर्शनही दुर्लभ. राजेरजवाड्यांच्या मेजवानींत मात्र साखरेचे किल्ले, पशुपक्षी व पुतळे करून पानांमध्यें मांडीत. त्यांचा हेतु जिभेला गोडी देण्याचा नव्हता. यजमानाची श्रीमंती पाहुण्यांच्या डोळ्यांत भरविण्याचा होता.

पुढें ब्राझील व वेस्ट इंडीज येथें उंसाचे विस्तीर्ण मळे झाले व साखर हळूहळू स्वस्त झाली. परंतु ही स्वस्ताई कोणाच्या घामानें आली, हें विसरतां कामा नये. आफ्रिकेंतून बळजबरीनें धरून आणलेल्या लक्षावधि स्त्रीपुरुषांना गुलाम करून त्या मळ्यांत राबविण्यांत आलें, आणि या पापांत ख्रिस्ती म्हणविणारीं राष्ट्रेंच अग्रेसर होतीं. साखरेच्या शुभ्रपणाखालीं हा डाग आहे. तो झांकून इतिहास लिहिणें योग्य नव्हे.

केकावर साखरेचा लेप देण्याची आजची रीत इंग्लंडांत अठराव्या शतकांत ठरून गेली. एलिझाबेथ रॅफल्ड नांवाची एक कर्तबगार बाई प्रथम एका मोठ्या घराण्यांत घरकारभारीण होती; पुढें मँचेस्टर शहरांत तिनें स्वतःचें दुकान थाटलें, आणि १७६९ सालीं पाकशास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत लग्नाच्या केकाची कृति दिली असून, त्या केकावर प्रथम बदामाचा व त्यावर साखरेचा असे दोन थर द्यावे असें सांगितलें आहे. आपल्याकडे नाताळांत व ईस्टरला जें मार्झिपान करितात, तें या बदामी थराचेंच भावंड होय. आतल्या फळांच्या केकाचा काळसर रंग व तेलकटपणा वर येऊं नये आणि साखर शुभ्र राहावी, हा त्या मधल्या थराचा उपयोग. अडीचशेंहून अधिक वर्षें झालीं, तरी ही रीत बदललेली नाहीं.

१० फेब्रुवारी १८४० रोजीं राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला. त्या प्रसंगींचा केक सुमारें ३०० पौंड वजनाचा, ३ यार्ड घेराचा व सुमारें १४ इंच जाडीचा होता. त्यावर साखरेची ब्रिटानियाची मूर्ति वधूवरांना आशीर्वाद देत उभी असून, त्यांच्या पायांपाशीं निष्ठेचें चिन्ह म्हणून एक कुत्रा बसविलेला होता. १८५८ सालीं राणीच्या ज्येष्ठ कन्येच्या विवाहांत उंच केक दिसला खरा, परंतु त्याचे वरचे मजले निव्वळ साखरेचे होते. सर्व मजले खऱ्या केकाचे असलेला राजघराण्यांतील केक १८८२ सालीं राजपुत्र लिओपोल्ड यांच्या विवाहांत आला. या सर्व वैभवाचें मूळ एका साध्या मिश्रणांत आहे. अंड्याचा पांढरा भाग आणि वस्त्रगाळ साखर एकत्र फेटली, म्हणजे एक शुभ्र, घट्ट लेप तयार होतो. त्यालाच ‘रॉयल आयसिंग’ म्हणतात. तो वाळला कीं दगडासारखा कठीण होतो, व त्यामुळें वरच्या मजल्यांचा भार सहन करूं शकतो. परंतु सुरीसही दाद देत नाहीं, म्हणून पुढें त्यांत थोडें ग्लिसरीन घालण्याची युक्ति निघाली.

हें सर्व राजवाड्यांत व मोठ्या मिठाईवाल्यांच्या कारखान्यांत चाले. सामान्य लोक त्याचीं चित्रें वर्तमानपत्रांत पाहून समाधान मानीत. १८७४ सालीं ब्रिटननें साखरेवरील जकात उठविली आणि साखर गरिबांच्या घरांत शिरली. तरी ती सजविण्याची विद्या मात्र कारागिरांच्या हातींच राहिली. उमेदवारानें वर्षानुवर्षें उस्तादाच्या हाताखालीं भांडीं घासावीं, साखर चाळावी, आणि उस्तादाची मर्जी झाली तर एखादी नक्षी पाहून घ्यावी, असा तो प्रकार होता.

ही कोंडी विसाव्या शतकांत फुटली. १९२९ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरांत ड्यूई मॅककिन्ली विल्टन नांवाच्या एका मिठाईवाल्यानें केक सजविण्याचे वर्ग सुरू केले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तेथील शेअर बाजार कोसळला व जगावर महामंदीचें संकट आलें. तरीही हे वर्ग टिकले, वाढले, आणि प्रथम धंद्यांतील लोकांपुरतें असलेलें हें शिक्षण कालांतरानें घरोघरच्या स्त्रियांपर्यंत पोंचलें. १९३४ सालीं जोसेफ लँबेथ या मूळच्या इंग्रज कारागिरानें आपल्या पद्धतीचें सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. रेषेवर रेषा, तीवर आणखी बारीक रेषा असे थर देऊन लाकडावरील कोरीव कामाप्रमाणें उठाव आणण्याची त्याची पद्धति आजही त्याच्याच नांवानें ओळखली जाते. जें उस्तादाच्या मर्जीवर होतें, तें आतां पुस्तकांत व वर्गांत कोणासही उपलब्ध झालें.

या शिक्षणाचें स्वरूप थोडें सांगितलें पाहिजे, कारण ज्यांनीं तें पाहिलें नाहीं त्यांना तें केवळ चैनीचें वाटतें. शिकणाऱ्याच्या हातीं एक निमुळती पिशवी देतात, तिच्या टोंकाला धातूची लहानशी नळी असते, व पिशवींत आयसिंग भरतात. तीन गोष्टी संभाळावयाच्या: आयसिंग किती घट्ट असावें, हाताचा दाब किती असावा, आणि नळी कोणत्या कोनांत धरावी. आयसिंग सैल झालें तर पाकळी लोळते. फार घट्ट झालें तर तिच्या कडा फाटतात. दाब मध्येंच कमी झाला तर रेषा तुटते. गुलाब करावयाचा तर खिळ्याच्या आकाराच्या एका लहान बैठकीवर प्रथम मधला कळा उभा करितात. मग बैठक डाव्या हाताच्या बोटांत फिरवीत त्याच्याभोंवतीं तीन पाकळ्या, त्यांच्याबाहेर पांच, आणि त्यांच्याबाहेर सात अशा पाकळ्या लावीत जातात. नवशिक्या मनुष्यास केकावर हात टाकूं देत नाहींत. पालथ्या ताटावर किंवा कागदावर तो गिरवितो, खरवडून काढतो, पुन्हा पिशवींत भरतो, पुन्हा गिरवितो. शाळेंतील मुलानें पाटीवर अक्षर गिरवावें, त्यांतलाच हा प्रकार. आणि इतक्या कष्टानें केलेली वस्तु दुसऱ्याच दिवशीं कोणाच्या तरी लग्नांत अगर बाप्तिस्म्यांत कापली जाते, वांटली जाते, संपते. करणाराला त्यांतलें फारसें कांहीं उरत नाहीं. जें उरतें तें हाताला लागलेलें वळण.

हें वळण किती मोलाचें वाटे, याची परीक्षा दुसऱ्या महायुद्धांत झाली. जानेवारी १९४० मध्यें ब्रिटनमध्यें साखरेचें रेशनिंग सुरू झालें, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टपासून भाजून झालेल्या केकाला बाहेरून साखर लावण्यास सरकारनें मनाई केली. तेव्हां बेकरीवाल्यांनीं पुठ्ठ्याचे व प्लास्टरचे सजविलेले पोकळ केक करून ते भाड्यानें देण्यास सुरुवात केली. लग्नाच्या मेजावर तो पोकळ डोलारा मांडीत, आणि त्याच्या आंत घरच्या रेशनमधून वांचवून केलेला लहानसा खरा केक झांकलेला असे. २० नोव्हेंबर १९४७ रोजीं राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला, तेव्हांही रेशनिंग चालूच होतें. त्यांच्या ९ फूट उंच केकासाठीं लागणारें साहित्य ऑस्ट्रेलियांतील गर्ल गाइड्सनीं भेट म्हणून पाठविलें होतें. साखरेवरील निर्बंध सप्टेंबर १९५३ मध्यें संपले. दुःखाच्या दिवसांत मनुष्य शोभेची गोष्ट टाकून देत नाहीं, उलट तिला अधिक घट्ट धरतो, हें या हकीकतीवरून दिसून येतें.

आपल्या देशांत केकाची कथा सांगतांना केरळांतील तेल्लिचेरीचें नांव घेतात. तेथील परंपरेप्रमाणें १८८३ सालीं मर्डॉक ब्राउन नांवाच्या एका इंग्रज मळेवाल्यानें माम्बल्ली बापू या बेकरीवाल्यास विलायतेहून आणलेला केक चाखावयास दिला व तसाच नाताळासाठीं करून देण्यास सांगितलें; आणि बापूंनीं स्थानिक साहित्य वापरून तो करून दाखविला. कोणी पुस्तक दिलें नाहीं, वर्ग भरविला नाहीं. एक घास जिभेवर ठेवून विद्या हस्तगत केली.

असो. येथवर साखरेचा धागा झाला; आतां दुसरा धागा हातीं घेऊं.

कर्करोगाचें नांव फार जुनें आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या परंपरेंत या रोगाला ‘कार्किनोस’ म्हणजे खेंकडा असें नांव पडलें. लॅटिनमधील ‘कॅन्सर’ व आपल्याकडील ‘कर्क’ या शब्दांचाही तोच अर्थ. नांव जुनें खरें, परंतु तें उच्चारण्याचें धैर्य लोकांना फार उशिरां झालें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग स्पर्शानें लागतो अशी पुष्कळांची समजूत होती. न्यूयॉर्कसारख्या संपन्न शहरांतही, रोग बरा होण्याजोगा नाहीं असें ठरलें म्हणजे गरीब रोग्यास इस्पितळांत ठेवीत नसत. त्याची रवानगी ब्लॅकवेल बेटावरील अनाथगृहांत होई.

याच सुमारास प्रख्यात अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची कन्या रोझ हॉथॉर्न लॅथ्रॉप हिच्या कानीं अशीच एका शिवणकाम करणाऱ्या गरीब स्त्रीची हकीकत आली. रोझ हिनें १८९१ सालीं कॅथॉलिक धर्म स्वीकारला होता. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, १८९६ सालीं, तिनें न्यूयॉर्कच्या कर्करोग इस्पितळांत तीन महिन्यांचें शुश्रूषेचें शिक्षण घेतलें, गरिबांच्या वस्तींत भाड्याच्या खोल्या घेतल्या, आणि ज्यांना कोणी हात लावीत नसे अशा रोगिणींच्या जखमा धुण्यास आरंभ केला. १९०० सालीं ती डॉमिनिकन व्रतस्थ होऊन मदर अल्फोन्सा झाली, आणि तिनें स्थापिलेला धर्मभगिनींचा संघ आजही असाध्य कर्करोगाच्या गरीब रोग्यांची सेवा करीत आहे. रोग्यांकडून पैसा घ्यावयाचा नाहीं, हा त्या संघाचा नियम. येथें विशेष हें, कीं रोझ ही डॉक्टर नव्हती. साध्या बाईस तीन महिन्यांत जें शिकतां येईल तेवढेंच ती शिकली, आणि उरलेलें आयुष्य, म्हणजे १९२६ पर्यंतचीं तीस वर्षें, तेवढ्यावर खर्ची घातलें.

इंग्लंडांत १९११ सालीं डग्लस मॅकमिलन या तरुण सरकारी नोकरानें आपल्या वडिलांना या रोगानें तळमळत मरतांना पाहिलें, आणि रोग्यांना माहिती, निवारा व शुश्रूषा मिळावी म्हणून एक लहानशी संस्था काढली. तीच आज ‘मॅकमिलन कॅन्सर सपोर्ट’ या नांवानें ओळखली जाते. आपल्या मुंबईंत लेडी मेहरबाई टाटा यांचें १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निधन झालें; त्या दुःखांतून जी योजना निघाली, तिचें फळ म्हणजे २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें उघडलेलें टाटा मेमोरियल इस्पितळ. आपल्या गांवांतून पहांटेची गाडी धरून या इस्पितळाच्या दारीं गेलेलें एकही माणूस ज्या घरांत नाहीं, असें घर आतां विरळा.

इस्पितळें झालीं, धर्मभगिनी पुढें आल्या, तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांचें काय? रोग्याच्या घरापुढून जातांना आवाज खालीं आणावा, रोगाचें नांव न घेतां ‘तें दुखणें’ म्हणावें, मुलीचें लग्न ठरावयाचें असेल तर आईचें दुखणें लपवून ठेवावें. हा प्रकार पाश्चात्य देशांतही होता आणि आपल्याकडे तो अजून पुरता गेलेला नाहीं. हें मौन पायांनीं मोडलें, हीच या इतिहासांतील मौजेची गोष्ट आहे.

चालणें हें भाविकांना नवीन नाहीं. यरुशलेम, रोम, सांतियागो येथें यात्रेकरू शतकानुशतकें चालत गेले. आपल्या महाराष्ट्रांत तर पंढरीची वारी सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. परंतु ही चाल आपल्या नवसासाठीं, आपल्या आत्म्याच्या कल्याणासाठीं. आपण चालावें आणि त्या चालण्याबद्दल दुसऱ्यांनीं तिसऱ्यासाठीं पैसा द्यावा, ही कल्पना विसाव्या शतकांतील आहे. आणि अशी पहिली चाल म्हणून जिचा उल्लेख करितात, ती कर्करोगासाठींच होती. १९५३ सालीं कॅरिबियन समुद्रांतील प्वेर्तो रिको या कॅथॉलिक बेटावर रामोन रिवेरो नांवाचा एक विनोदी नट होता. ‘दिप्लो’ या नांवानें तो घरोघर माहीत होता. तेथील कर्करोग निवारक संस्थेस पैशाची निकड होती. तेव्हां हा नट सान हुआन या राजधानीपासून पोन्से शहरापर्यंत सुमारें ८० मैल पायीं चालत गेला. ज्याचा आवाज ऐकून सारें बेट हंसत असे, तो मनुष्य उन्हांत चालत येत आहे हें पाहण्यास वाटेवरच्या गांवांतील लोक बाहेर आले, आणि त्यांनीं जें हातीं होतें तें दिलें. एकूण ८५,००० डॉलर जमले. तीनच वर्षांनीं, १९५६ सालीं, तो वारला.

त्यानंतरची चाल साऱ्या जगाला माहीत आहे. कॅनडांतील टेरी फॉक्स हा तरुण अठरा वर्षांचा असतांना, १९७७ सालीं, हाडांच्या कर्करोगामुळें त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. इस्पितळांत त्यानें आपल्याहून लहान मुलें या रोगानें तळमळतांना पाहिलीं. १२ एप्रिल १९८० रोजीं न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथें आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यांत बुडवून तो पश्चिमेकडे धांवूं लागला. दररोज जवळजवळ ४२ किलोमीटर याप्रमाणें १४३ दिवसांत त्यानें ५,३७३ किलोमीटर अंतर कापलें. आरंभीं त्याच्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. पुढें गांवोगांवीं लोक रस्त्यावर उभे राहूं लागले. त्याच्या आंखूड विजारीखालून तो कृत्रिम पाय सर्वांना दिसत असे, आणि तो त्यानें कधीं झांकला नाहीं. १ सप्टेंबर १९८० रोजीं थंडर बे शहराजवळ त्याला थांबावें लागलें, कारण रोग फुप्फुसांत पसरला होता. प्रत्येक कॅनेडियनामागें एक डॉलर जमावा अशी त्याची इच्छा होती. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटि ४० लक्षांहून अधिक डॉलर जमून ती पुरी झाली. २८ जून १९८१ रोजीं, तेवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं एक महिना, तो देवाघरीं गेला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्याच्या स्मरणार्थ झालेल्या पहिल्या दौडींत सुमारें ३ लक्ष लोकांनीं भाग घेतला, आणि ही दौड पुढें अनेक देशांत पसरली.

परंतु टेरी फॉक्स हा वीर होता, आणि वीराकडे पाहून साधा मनुष्य टाळ्या वाजवून घरीं जातो. सर्वांना चालवयास लावण्याची युक्ति मे १९८५ मध्यें अमेरिकेंतील टॅकोमा शहरांत निघाली. गॉर्डन क्लॅट नांवाचा तेथील एक शल्यवैद्य आपल्या रोग्यांसाठीं पैसा जमवूं इच्छीत होता. तो एका महाविद्यालयाच्या मैदानावर २४ तास सतत धांवला व चालला, आणि त्यानें ८३ मैलांहून अधिक अंतर कापलें. त्याच्या स्नेह्यांनीं प्रत्येकीं २५ डॉलर देऊन त्याच्याबरोबर अर्धा अर्धा तास फेऱ्या घातल्या. २७,००० डॉलर जमले. रात्रीं त्या फेऱ्या घालतांना त्याच्या मनांत आलें, कीं हें एकट्याचें काम नव्हे. संघ करावे, आणि प्रत्येक संघाचा एक तरी मनुष्य अहोरात्र मैदानावर असावा, कारण रोग्यालाही रात्र असतेच. पुढील वर्षीं १९ संघ आले. हीच ती ‘रिले फॉर लाइफ’. तींत दोन चाली रूढ झाल्या. पहिला फेरा जे रोगांतून वांचले त्यांनीं घालावयाचा, आणि रात्रीं मैदानाच्या कडेनें कागदी पिशव्यांत दिवे लावून प्रत्येकावर एकेक नांव लिहावयाचें: कोणी आजारी आहे त्याचें, कोणी गेला त्याचें. ज्या रोगाचें नांव घेत नसत, त्याच्या रोग्यांचीं नांवें उजेडांत आलीं. डॉ. क्लॅट यांना स्वतःलाही पुढें पोटाचा कर्करोग झाला. २०१४ सालीं ते वारले.

आतां दोन्ही धागे एकत्र येतात ते पाहूं. मॅकमिलनच्या संस्थेनें १९९० सालीं लहान प्रमाणावर व पुढील वर्षीं देशभर एक उपक्रम केला. लोकांनीं आपल्या घरीं, कचेरींत किंवा चर्चच्या सभागृहांत शेजाऱ्यांना कॉफीसाठीं बोलवावें, घरीं केलेले केक मांडावे, आणि येणाऱ्यानें आपल्या खुषीनें पैसा द्यावा. आज तो उपक्रम त्या संस्थेच्या मोठ्या आधारांपैकीं एक आहे. राजवाड्यांत श्रीमंती मिरविण्यासाठीं जन्मलेली कला अशा रीतीनें शेजारणीच्या ओट्यावरून रोग्याच्या खाटेपर्यंत आली. केकानें रोग बरा होतो असें नव्हे; परंतु केकाच्या निमित्तानें जमलेल्या चारचौघींत एखादी बोलून जाते, कीं ‘मलाही गांठ लागते आहे,’ आणि दुसरी तिला धीर देऊन डॉक्टरकडे नेते. पैशापेक्षां या एका वाक्याची किंमत अधिक आहे.

आणि साध्या हातांत आलेली विद्या प्राणही वांचवूं शकते, याचें सर्वांत मोठें उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलें. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठीं पाश्चात्य देशांत जी तपासणी करितात, तिला प्रयोगशाळा व तज्ज्ञ लागतात. गरीब वस्तींत तीं कोठून आणावीं? टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वर्षें वयाच्या सुमारें १,५०,००० स्त्रियांमध्यें एक सोपी पद्धति पडताळून पाहिली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचें शिक्षण दिलें. त्यांनीं सौम्य व्हिनेगर लावावें, क्षणभर थांबावें, आणि दिव्याच्या उजेडांत पाहावें. दोष असेल तेथें पांढरा डाग उमटतो. २०१३ सालीं निष्कर्ष जाहीर झाले: ज्या वस्त्यांत ही तपासणी केली, तेथें या रोगानें होणारे मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले. ज्या स्त्रियांना तुलनेसाठीं तपासणीविना ठेवलें, त्यांच्यावर अन्याय झाला असा आक्षेपही घेण्यांत आला, आणि तो विचारांत घेण्याजोगा आहे. तथापि मुख्य गोष्ट निर्विवाद आहे. जो व्हिनेगर आपल्या घरोघर विंदालूसाठीं बाटलींत भरून ठेवलेला असतो, त्याच जातीच्या पदार्थानें, आणि चार आठवड्यांत शिकलेल्या हातांनीं, मृत्यूला मागें सारलें.

कोणी म्हणेल, कीं पदयात्रेंत जमणारा पैसा एका रोग्याच्या उपचारालाही पुरत नाहीं. आणि चालून आल्यावर फोटो काढून लोक विसरून जातात. या दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. म्हणूनच पदयात्रा ही आरंभ समजावी, शेवट नव्हे. तंबाखू, गुटखा आणि दांतांना लावावयाची मशेरी यांनीं तोंडाचा कर्करोग होतो, हें आतां सर्वांना माहीत आहे; तरी कित्येक घरांत मशेरीची डबी अजून देवघराच्या फळीवर आहे. जी बाई पदयात्रेंत पांच मैल चालली, तिनें ती डबी बाहेर टाकण्यासाठीं पांच पावलें चालावीं. जी तपासणीस जाण्यास लाजते, तिच्याबरोबर वर्गांतील मैत्रिणीनें जावें. ज्या घरीं रोगी आहे, तेथें जातांना उपदेश घेऊन जाऊं नये. हातीं कांहीं गोड घेऊन जावें, रोगाचें नांव सरळ घ्यावें, आणि थोडा वेळ बसावें. तीन महिन्यांचें शिक्षण घेऊन रोझ हॉथॉर्न तीस वर्षें हेंच करीत राहिली.

साखरेचें फूल करतांना मधला कळा प्रथम उभा करावा लागतो आणि पाकळ्या त्याच्याभोंवतीं मागाहून येतात. रोग्याच्या घराचेंही तसेंच आहे: मध्यभागीं तो, आणि भोंवतीं प्रथम घरचे, मग शेजारी, मग सारा धर्मग्राम. आपल्या भगिनींचे हात हें वळण शिकले आहेत, आणि आपलीं पावलें ती वाट एकदां चाललीं आहेत. परमेश्वर त्या हातांना व त्या पावलांना पुढील कार्यासाठीं बळ देवो.